पर्म भरण्याआधी: ईबी-२च्या पाच वर्षांचा हिशेब आणि त्याचे पुरावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१६मध्ये पुण्यातून कॉम्प्युटरचं बी.ई. झालं. निकालानंतरचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट २० जुलै २०१६चं, पदवीदान समारंभानंतरचं डिग्री सर्टिफिकेट १० फेब्रुवारी २०१७चं. पहिली नोकरी १ ऑगस्ट २०१६ ते ३० नोव्हेंबर २०१८, एका छोट्या कंपनीत, जी आता बंद पडली आहे. दुसरी १० डिसेंबर २०१८ ते १७ सप्टेंबर २०२१, हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत. तिथलं एचआर हुद्दा आणि तारखा यापलीकडे एक ओळ लिहून द्यायला तयार नाही. १ ऑक्टोबर २०२१पासून न्यू जर्सीत एच-१बी या कामाच्या व्हिसावर, आजच्याच कंपनीत. कंपनी आता ईबी-२मधून, म्हणजे मास्टर्स किंवा त्याच्या बरोबरीच्या पात्रतेच्या गटातून, ग्रीन कार्डचं काम सुरू करते आहे; त्याची पहिली पायरी पर्म, म्हणजे कंपनीनं लेबर डिपार्टमेंटकडे भरायचा अर्ज. अट आहे बॅचलर डिग्री आणि पाच वर्षांचा अनुभव, त्यात जावाचा तीन वर्षांचा आणि एडब्ल्यूएसचा (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) एक वर्षाचा. विचारणाऱ्याला तीन गोष्टी हव्या आहेत: इथली वर्षं धरता येतात का, जुन्या सहकाऱ्याचं पत्र चालतं का, आणि पत्राचा तयार नमुना कुणाकडे आहे का.

नमुन्याची गरज शेवटी लागते. आधी ठरवायचंय ते हे की तुमच्या नोकरीतले नेमके कोणते दिवस मोजले जातील, आणि त्यातल्या प्रत्येक दिवसासाठी तुमच्याशिवाय दुसरं कोण साक्ष देईल. याची उत्तरं पर्म भरण्याआधी मिळायला हवीत. पर्म भरल्यावर त्यात दुरुस्ती करता येत नाही. चूक निघाली तर अर्ज मागे घेऊन पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे नवी जाहिरात, नवी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख).

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधीच सांगतो: अटीची नेमकी शब्दरचना, तुमची आत्ताची नोकरी आणि अर्जातली नोकरी यांत किती फरक आहे, आणि भारतातली कंपनी व अमेरिकेतली कंपनी कायद्याच्या दृष्टीनं एकच आहे का. या तीन बाबतींत फाइल समोर ठेवून बसलेल्या वकिलाचंच म्हणणं अखेरचं. पर्मचा खर्च आणि त्या टप्प्याची वकिलाची फी कायद्यानं कंपनीनंच द्यायची असते, त्यामुळे तो वकील आधी कंपनीचा असतो. तुमच्या अनुभवाचा बारीक हिशेब तो आपणहून करेल असं धरून चालू नका. स्वतः करा आणि त्याच्यापुढे ठेवा.

पहिला नियम कट-ऑफ तारखेचा. पर्मचा अर्ज लेबर डिपार्टमेंटकडे दाखल झाला तो दिवस म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट, आणि अटीतली प्रत्येक गोष्ट त्या दिवशी तुमच्याकडे पूर्ण असली पाहिजे. १९७७च्या 'मॅटर ऑफ विंग्ज टी हाउस' या निर्णयापासून हे पक्कं आहे. पर्म मंजूर होईपर्यंत अनेक महिने जातात, पण त्या महिन्यांचा अनुभव या हिशेबात येत नाही. एक दिवस कमी पडला तरी आय-१४० (पर्मनंतर कंपनी इमिग्रेशन खात्याकडे भरते तो अर्ज) नामंजूर होऊ शकतो, आणि नंतर कितीही अनुभव जोडला तरी तो दिवस भरून निघत नाही.

आता इथल्या वर्षांचं. सर्वसाधारण उत्तर नाही असंच आहे. पर्ममध्ये कंपनी लिहून देते की या कामासाठी आमची ही किमान अट आहे. तुम्हाला तिनं २०२१मध्ये घेतलं तेव्हा तुमच्याकडे जे नव्हतं, ते ती आज अमेरिकन उमेदवाराकडून मागू शकत नाही, कारण तुम्हाला तर तिनं त्याशिवायच घेतलं आणि कामावर शिकू दिलं. म्हणून अर्ज करणाऱ्या कंपनीकडे मिळवलेला अनुभव मोजला जात नाही. तिच्याकडे आधी कंत्राटी म्हणून काम केलं असेल तर तेही यातच आलं. नियम अमेरिकी नियमावलीत, २० सीएफआर ६५६.१७(आय) मध्ये आहे.

अपवाद दोन. एक, ज्या पदासाठी अर्ज आहे ते तुमच्या आधीच्या पदापेक्षा खरोखर वेगळं असेल. दोन्ही पदांतली कामं निम्म्याहून जास्त वेळ तीच असतील तर पदं सारखीच धरतात. त्यासाठी दोन्ही पदांची कामं टक्केवारीसह, ऑर्ग चार्ट, पगाराच्या नोंदी असं सगळं तयार ठेवावं लागतं, कारण ऑडिट आलं तर लेबर डिपार्टमेंट तेच मागतं. दुसरा अपवाद, त्या कामासाठी नव्या माणसाला शिकवणं आता कंपनीला व्यवहार्य राहिलेलं नाही, हे कंपनीनं सिद्ध करणं. तो क्वचित टिकतो. डेव्हलपरचा सीनियर डेव्हलपर झाला, एवढ्यानं पहिला अपवाद लागू होत नाही. लोकांचा मॅनेजर म्हणून नेमणूक झाली, कोड लिहिणं जवळजवळ थांबलं, हाताखाली माणसं आली आणि मूल्यमापनाची जबाबदारी आली, तर विचार करण्यासारखं आहे. तुमच्या बाबतीत तसं काही दिसत नाही, म्हणून इथली वर्षं शून्य धरून पुढे चला.

तुम्हाला हे लागू नाही, पण हा प्रश्न फार येतो म्हणून एका ओळीत: भारतातली कंपनी आणि अमेरिकेतली कंपनी एकाच समूहाच्या असल्या तरी त्या दोन स्वतंत्र कंपन्या असतील आणि त्यांचा एफईआयएन (अमेरिकेतला कंपनीचा कर क्रमांक) वेगळा असेल, तर भारतातला अनुभव सहसा धरता येतो. अमेरिकेतलं ऑफिस ही त्याच भारतीय कंपनीची शाखा असेल तर चित्र बदलतं.

म्हणजे तुमच्याकडे उरल्या भारतातल्या दोन नोकऱ्या. पहिली दोन वर्षं चार महिने. दुसरी दोन वर्षं नऊ महिने आणि आठ दिवस. बेरीज पाच वर्षं एक महिना आठ दिवस. पाच वर्षं भरतात, पण सव्वा महिन्याच्या फरकानं. तुमच्या फाइलीचं सगळं मर्म या सव्वा महिन्यात आहे. एखाद्या पत्रात तारीख चुकली, एखादा कालावधी प्रशिक्षण म्हणून वजा झाला, की ईबी-२ हातची जाते.

या हिशेबाला पहिला धोका डिग्रीच्या तारखेचा. ईबी-२मध्ये बॅचलर डिग्रीनंतरचा पाच वर्षांचा, चढत्या जबाबदारीचा, त्याच क्षेत्रातला अनुभव मास्टर्सच्या बरोबरीचा धरतात. 'डिग्रीनंतरचा' हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. पदवीदान समारंभात मिळालेल्या सर्टिफिकेटवरच्या १० फेब्रुवारी २०१७पासून मोजलं तर बेरीज चार वर्षं सात महिन्यांच्या आसपास येते, म्हणजे अर्ज पडलाच. सुदैवानं २०१७मध्ये यूएससीआयएसनं, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यानं, 'मॅटर ऑफ ओ-ए-' हा निर्णय सगळ्या कार्यालयांना लागू केला. त्यानुसार प्रोव्हिजनल सर्टिफिकेटच्या तारखेपासून अनुभव मोजता येतो. मात्र दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: त्या दिवशी पदवीच्या सगळ्या शैक्षणिक अटी पूर्ण झाल्या होत्या, आणि विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या अधिकृत मंडळानं पदवी मंजूर केली होती.

म्हणून नुसतं प्रोव्हिजनल जोडून थांबू नका. आठही सेमिस्टरच्या मार्कशीट लावा, अंतिम डिग्री सर्टिफिकेट लावा, आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून एक पत्र मागवा: निकाल कोणत्या तारखेला जाहीर झाला, पदवीच्या सर्व अटी कोणत्या तारखेला पूर्ण झाल्या, त्यानंतर फक्त समारंभ आणि छपाई बाकी होती. हे पत्र मिळायला वेळ लागतो. पुण्यात कुणी नातेवाईक असेल तर अधिकारपत्र देऊन त्याला अर्ज करायला सांगा. एखादी केटी (राहिलेला विषय) नंतर सुटली असेल तर मात्र ती सुटल्याच्या निकालाचीच तारीख लागू होईल. तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून नव्हती असं धरतो.

इथेच एक सावधगिरीची सूचना, ज्यांची डिग्री तीन वर्षांची आहे त्यांच्यासाठी. एच-१बीमध्ये तीन वर्षांचा अनुभव म्हणजे एक वर्षाचं शिक्षण असा हिशेब चालतो. आय-१४०मध्ये तो चालत नाही. तीन वर्षांची भारतीय बॅचलर डिग्री अमेरिकेतल्या चार वर्षांच्या बॅचलरबरोबर धरायची नाही, हे १९७७च्याच 'मॅटर ऑफ शाह'पासून ठरलेलं आहे. एच-१बी मंजूर झाला म्हणजे डिग्रीचा प्रश्न मिटला, असा समज करून घेतलेल्या कितीतरी बी.एस्सी. आणि बी.सी.ए. झालेल्यांना आय-१४०च्या टप्प्यावर धक्का बसतो. तुमचं बी.ई. चार वर्षांचं आहे, तुम्हाला ही चिंता नाही.

दुसरा धोका प्रशिक्षणाचा. पहिल्या नोकरीत ऑफर लेटरवर 'ट्रेनी' असा हुद्दा असेल तर पहिले काही महिने प्रश्नात येऊ शकतात, आणि तुमच्याकडे गमवायला सव्वा महिनाच आहे. हुद्द्यानं काही ठरत नाही, काम कोणतं केलं त्यानं ठरतं. पूर्ण वेळ, पगारी, आणि रुजू झाल्यापासून प्रत्यक्ष प्रोजेक्टवर काम असेल तर पत्रात ते तसं स्पष्ट आलं पाहिजे. रोज वर्गात बसून शिकणं आणि नंतर परीक्षा, असं असेल तर ते महिने धरून हिशेब काठावर बसवू नका. लांबलचक बिनपगारी रजा घेतली असेल तर तीही वकिलाला आत्ताच सांगा.

तिसरा धोका कौशल्यांचा, आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. अटीत जे जे लिहिलं आहे ते प्रत्येक वेगळं सिद्ध करावं लागतं. पाच वर्षं सिद्ध झाली आणि एडब्ल्यूएसचं एक वर्ष झालं नाही, तरी अर्ज नामंजूर. तुम्ही एडब्ल्यूएस कुठे शिकलात? हिंजवडीच्या नोकरीत वर्षभर तरी वापरलं असेल तर ठीक. इथे येऊन शिकला असाल तर कंपनीला ती अट ठेवताच येणार नाही. २०२१मध्ये तुमच्याकडे ते नव्हतं आणि तरी तुम्हाला घेतलं, हे वर आलंच. अशा वेळी वकिलाशी बोलून ती अट काढावी लागते किंवा खऱ्या गरजेपुरती मर्यादित करावी लागते. तीन वर्षांचा जावाचा अनुभव आणि एकूण पाच वर्षं एकाच वेळी चालू शकतात, पण अर्जात तसं लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर वाचणारा दोन्हींची बेरीज मागू शकतो.

अट कोणत्या टप्प्यावर पक्की होते? १ जून २०२३पासूनच्या पर्मच्या नव्या ९०८९ अर्जात नोकरीची अट पगार ठरवण्याच्या ९१४१ अर्जातूनच येते. म्हणजे कंपनीनं पगारनिश्चितीसाठी ९१४१ पाठवला त्या दिवशी अट कोरली गेली. तुमची पत्रं हातात नसताना तो अर्ज जाऊ देऊ नका. निदान पत्रांचे मसुदे, आणि कोण सही करणार याचं पक्कं उत्तर हवं. नंतर जाहिराती द्यायच्या, उमेदवार तपासायचे, मगच पर्म. पगारनिश्चितीलाच काही महिने जातात, तेवढा काळ तुम्हाला उरलेले कागद जमवायला मिळतो.

आता पत्रांकडे. ८ सीएफआर २०४.५(जी)(१) प्रमाणे अनुभवाचा मुख्य पुरावा म्हणजे आजच्या किंवा पूर्वीच्या मालकाचं पत्र, ज्यात लिहिणाऱ्याचं नाव, पत्ता, हुद्दा आणि तुम्ही केलेल्या कामाचं नेमकं वर्णन आहे. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिवस-महिना-वर्षासह, काम पूर्ण वेळ होतं की अर्धवेळ आणि आठवड्याला किती तास, या गोष्टी त्याशिवाय लागतात, कारण त्यांच्याविना वर्षं मोजता येत नाहीत. आठवड्याला वीस तासांचं काम निम्मंच धरतात. इथे मास्टर्स करताना असिस्टंटशिप केलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

कामाचं वर्णन हा पत्राचा प्राण. पत्र अर्थातच इंग्रजीत असेल, पण आशयातला फरक बघा. 'विविध प्रोजेक्टवर सॉफ्टवेअर विकासाचं काम केलं, टीमला मदत केली' या वाक्यातून अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. याउलट: 'ऑगस्ट २०१६पासून जावा आणि स्प्रिंग वापरून विमा दाव्यांच्या प्रणालीचे बॅकएंड मॉड्यूल लिहिले, ओरॅकल डेटाबेससाठी क्वेरी आणि स्टोअर्ड प्रोसीजर लिहिल्या, युनिट टेस्ट लिहून त्रुटी दुरुस्त केल्या, जुलै २०१७पासून एका मॉड्यूलच्या डिझाइनची स्वतंत्र जबाबदारी सांभाळली आणि दोन नव्या डेव्हलपरांच्या कोडचा रिव्ह्यू केला.' यात कौशल्य आहे, कधीपासून ते आहे, आणि जबाबदारी कशी वाढली तेही आहे. ईबी-२ला जो 'चढता' अनुभव हवा असतो तो असा तारखांनिशी दिसतो. प्रत्येक अटीतलं कौशल्य निदान एका पत्रात नावानं आणि कालावधीसह आलं पाहिजे.

म्हणूनच तयार नमुना मागण्याबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. नमुन्याचा साचा घ्या, वाक्यं घेऊ नका. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पत्रांत शब्दशः तेच परिच्छेद, आणि तेही पर्मच्या जाहिरातीतून उचललेले, असं दिसलं की अधिकाऱ्याला कळतं की पत्र कुणी लिहिलं. मग तो दोन्ही पत्रांकडे संशयानं बघतो. मसुदा तुम्ही करून दिलात तर हरकत नाही, पण सही करणाऱ्यानं तो वाचून, आपल्या आठवणीप्रमाणे बदलून सही करावी.

हिंजवडीच्या कंपनीचं एचआर कामाचं वर्णन देत नाही, हे जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्यांचं धोरण असतं. त्यावर भांडून उपयोग नाही. त्यापेक्षा काम तीन भागांत करा. पहिला भाग: एचआरकडून जे मिळतं ते घ्या, हुद्दा आणि तारखांचं पत्र लेटरहेडवर. दुसरा: कामाच्या वर्णनासाठी लेखी विनंती ई-मेलनं करा आणि त्यांचा नकार, किंवा 'कंपनीच्या धोरणानुसार एवढंच देतो' हे उत्तर जपून ठेवा. मालकाचं पत्र मिळत नसेल तर दुसरे पुरावे विचारात घेतले जातात, पण ते मिळत नाही हे तुम्ही दाखवायचं असतं, आणि ते दाखवणारा कागद हा ई-मेल आहे. तिसरा: तुमच्या त्या वेळच्या मॅनेजरचं शपथपूर्वक निवेदन.

सहकारी चालेल का, याचं उत्तर इथे येतं. चालतो, पण मॅनेजर पहिला. ज्यानं तुम्हाला काम दिलं आणि तपासलं त्याच्या शब्दाला वजन जास्त. मॅनेजर मिळालाच नाही तर त्याच टीममधले दोन सहकारी घ्या. निवेदनात त्यानं लिहावं: आपलं नाव, सध्याचा पत्ता आणि फोन, त्या कंपनीत आपला हुद्दा काय होता, कोणत्या तारखांना आपण तिथे होतो, तुमच्याशी कामाचा संबंध काय होता, आणि मग तुमचं काम. त्यासोबत तो खरंच तिथे होता याचा पुरावा, म्हणजे त्याचं स्वतःचं रिलीव्हिंग लेटर किंवा एचआरचं पत्र. हा शेवटचा कागद नव्वद टक्के लोक विसरतात असं म्हणण्याची पाळी येते, इतका तो फाइलींतून गायब असतो. मॅनेजर २०२०मध्येच कंपनी सोडून गेला असेल तर तो २०२१बद्दल बोलू शकत नाही. उरलेल्या काळासाठी दुसरा माणूस लागेल.

नोटरी सक्तीची नाही. 'खोटं असल्यास शिक्षेस पात्र' या अर्थाचं अमेरिकी कायद्यातलं ठरावीक वाक्य, तारीख आणि सही पुरते. सही करणारा भारतात असेल तर त्या वाक्यात 'अमेरिकेच्या कायद्यांखाली' हे शब्दही हवेत. वकील तयार वाक्य देतो. भारतात नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं तरी चालतं, पण त्यात मराठी मजकूर किंवा शिक्का आला तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र लागतं.

एक चूक मात्र अजिबात करू नका. मॅनेजर अजून त्याच कंपनीत असेल तर त्यानं एचआरला न विचारता कंपनीच्या लेटरहेडवर पत्र देऊ नये. पडताळणी झाली आणि कंपनीनं 'आमच्याकडून असं पत्र गेलेलं नाही' असं सांगितलं, तर खरा अनुभव खोटा ठरेल आणि त्याचीही नोकरी अडचणीत येईल. साध्या कागदावर, व्यक्ती म्हणून, स्वतःच्या पत्त्यावरून लिहिलेलं निवेदन याहून कितीतरी सुरक्षित.

पहिली कंपनी बंद पडली आहे तिचं काम थोडं वेगळं. ती प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या संकेतस्थळावर तिची नोंद बघा. कंपनीचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि 'स्ट्राइक ऑफ' अशी स्थिती दिसेल. त्या पानाची प्रिंट घ्या. पत्र का मिळत नाही हे त्यानं दिसतं. तिथेच संचालकांची नावं मिळतात. माजी संचालकाला शोधा आणि त्याचं निवेदन घ्या, 'माजी संचालक' म्हणून, साध्या कागदावर, आजच्या पत्त्यासह. बंद पडलेल्या कंपनीच्या जुन्या लेटरहेडवर आजची तारीख घातलेलं पत्र आलं, तर अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतो की हे लेटरहेड आलं कुठून. तुम्ही कंपनी सोडताना मिळालेलं २०१८चं जुनं रिलीव्हिंग लेटर असेल तर ते सोन्यासारखं आहे, कारण तेव्हा ग्रीन कार्डचा प्रश्नच नव्हता. मालकी एकट्याची असेल तर गुमास्ता परवाना किंवा जीएसटी नोंदणी रद्द झाल्याचा कागद मिळतो का ते बघा.

मग तिसऱ्याच कुणाच्या हातचे कागद: फॉर्म १६, २६एएस, पे स्लिप, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, ईपीएफचं पासबुक आणि यूएएनवरची सर्व्हिस हिस्ट्री. यातल्या एकाही कागदावर तुम्ही काय काम केलं ते नसतं. पण तुम्ही तिथे होता, कधीपासून कधीपर्यंत, आणि पूर्ण पगारावर होता, हे सांगणारी याहून तटस्थ साक्ष नाही. वीसपेक्षा कमी माणसांच्या कंपनीला ईपीएफ सहसा लागू नसतो, त्यामुळे पहिल्या नोकरीचं पासबुक नसेल तर घाबरू नका, बँक स्टेटमेंटवर भर द्या. जुन्या वर्षांचं स्टेटमेंट ॲपवर दिसत नसेल तर शाखेत लेखी अर्ज करावा लागतो. ईपीएफमधल्या तारखा मात्र नीट वाचा. रुजू होण्याची किंवा सोडण्याची तारीख कंपनीनं चुकीची भरलेली असणं नेहमीचं आहे. तुमच्यासारख्या काठावरच्या हिशेबात अशी चूक जोडण्याआधी पोर्टलवरून दुरुस्त करून घ्या, किंवा निदान इतर कागदांनी ती का चुकीची आहे ते दाखवा.

सगळे कागद आले की ते एकमेकांशी ताडून बघा. तुमच्या व्हिसाचा डीएस-१६० अर्ज, एच-१बीसोबत गेलेला रिझ्युमे, लिंक्डइन, आणि आता ९०८९च्या परिशिष्ट ए मध्ये येणारी नोकऱ्यांची यादी. १९८८च्या 'मॅटर ऑफ हो'चा मथितार्थ असा की कागदांत विसंगती निघाली तर नुसतं स्पष्टीकरण पुरत नाही, स्वतंत्र आणि वस्तुनिष्ठ पुरावा लागतो, आणि एका ठिकाणचा संशय बाकीच्या पुराव्यांवरही पडतो. पर्ममध्ये न लिहिलेला अनुभव नंतर आय-१४०ला आणला तर त्याची विश्वासार्हता कमी धरली जाते. म्हणून परिशिष्टात दोन्ही नोकऱ्या पूर्ण तपशिलासह आल्या आहेत का, हे सही करण्याआधी स्वतः ओळ न ओळ वाचा. वकिलाच्या ऑफिसमधून 'इथे सही करा' असा ई-मेल येतो आणि लोक पाच मिनिटांत सही करतात. ते करू नका.

विकत मिळणाऱ्या पत्रांबद्दल एवढंच: अमेरिकन सरकार पडताळणी करतं, भारतातल्या कंपन्यांना फोन जातात, आणि मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये स्थलांतरित व्हिसाच्या फाइली पुन्हा उघडल्या जातात. खोटं पत्र सापडलं तर अर्ज नामंजूर होण्यावर भागत नाही. महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती दिली म्हणून माणूस कायमचा अपात्र ठरू शकतो आणि मंजूर पर्मही रद्द होतो. तुमचा अनुभव खरा आहे. त्याला खोट्या कागदाचा आधार देऊन तो धोक्यात घालू नका.

पुरावा किती पुरे? मापदंड 'शंकेला जागा नाही' असा कडक नाही. २०१०च्या 'मॅटर ऑफ चावथे'प्रमाणे, एकूण पुरावा पाहता तुमचं म्हणणं खरं असण्याची शक्यता अधिक आहे, एवढं दिसलं पाहिजे. म्हणून एक कागद अपुरा असला तरी निराश होऊ नका. एचआरचं तारखांचं पत्र, मॅनेजरचं निवेदन, त्याचं रिलीव्हिंग लेटर, पे स्लिप आणि फॉर्म १६ अशी जुळणी नीट बसली तर ती सहसा टिकते. आरएफई (आणखी पुरावा मागणारी नोटीस) आलाच तर उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस आणि टपालासाठी आणखी थोडे मिळतात. मुदतवाढ नाही, आणि उत्तर एकदाच देता येतं, तुकड्यातुकड्यानं नाही. पुण्यातल्या माजी संचालकाला शोधायला तेव्हा निघालात तर ते दिवस पुरणार नाहीत.

वेळेचं गणितही मांडून ठेवा. एच-१बीची मुदत सहा वर्षांची; १ ऑक्टोबर २०२१पासून सहा वर्षं म्हणजे ३० सप्टेंबर २०२७. मध्ये भारतात किंवा अन्यत्र घालवलेले दिवस परत मिळवता येतात ते वेगळे. सहा वर्षांपुढे एकेका वर्षाची वाढ हवी असेल तर पर्म किंवा आय-१४० भरून ३६५ दिवस झालेले असावे लागतात. आय-१४० मंजूर असेल आणि रांग लांब असेल तर तीन वर्षांची वाढ मिळते. पर्म मंजूर झाल्यापासून १८० दिवसांत आय-१४० भरावाच लागतो, आणि प्रीमियम प्रोसेसिंग घेतलं तर त्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत यूएससीआयएसचं उत्तर येतं, मग ते मंजुरी असो वा आरएफई. पत्रं कमकुवत असतील तर प्रीमियमनं नकार लवकर येतो, एवढंच.

शेवटी, सव्वा महिना हातून निसटला तर काय? समजा विद्यापीठाचं पत्र मिळालं नाही, किंवा ट्रेनीचे महिने वजा करावे लागले. मग ओढूनताणून ईबी-२ भरू नका. कंपनीची खरी गरज बसत असेल तर बॅचलर आणि कमी वर्षांच्या अटीवर ईबी-३ (मास्टर्सची अट नसलेला पुढचा गट) भरा. भारतीयांसाठी दोन्ही रांगा लांब आहेत, आणि मधल्या काळात ईबी-३ची तारीख ईबी-२च्या पुढे गेल्याचंही आपण पाहिलं आहे. ईबी-३चा आय-१४० मंजूर झाला की, फसवणूक किंवा गंभीर चूक नसेल तर, त्याची प्रायॉरिटी डेट तुमचीच राहते. पुढे नोकरी बदललीत तर नवी कंपनी ईबी-२चा नवा पर्म भरू शकते, जुनी तारीख त्याला जोडता येते, आणि त्या पर्ममध्ये आजच्या कंपनीतली तुमची सगळी वर्षं मोजता येतील, कारण तेव्हा ती अर्जदार कंपनी नसेल. म्हणून आजच्या कंपनीतून निघतानाच कामाच्या वर्णनासह पत्र घ्या. तेव्हा तिथलं एचआर तुम्हाला नावानं ओळखत असेल आणि मॅनेजर शेजारच्या खोलीत असेल.